समुद्रतळाचा गाळ श्वास कसा घेतो?

पेडणे तालुक्यात आगरवाडा-चोपडे भागात शापोरा नदीच्या काठाने ओहोटीच्या वेळी चालत गेलात, तर एक वास नाकात शिरल्याशिवाय राहत नाही. कुजक्या अंड्याचा. लहानपणी शापायबरोबर (आमच्याकडे आजोबांना शापाय म्हणतात) तिसऱ्या काढायला गेले की मी नाक दाबून उभी राहायचे आणि ते हसायचे. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं, "चिखल जिवो आसा, म्हणून वास येता."

हे वाक्य किती बरोबर होतं ते मला गेल्या वर्षी कळलं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे आपण सगळे ज्याला एनआयओ म्हणतो तिथे, ओपन डेला आम्ही मराठीची चार मुलं गेलो होतो. (साहित्याच्या मुलांचं तिथे काय काम, असं विचारणारे कॉलेजात भेटले. असो.) तिथे एक काळी, खडबडीत, बटाट्याएवढी गाठ हातात घेऊन बघता आली. ती हिंदी महासागराच्या तळावरून, पाच हजार मीटरपेक्षा जास्त खोलीवरून वर आलेली. तिथला गाळही आपल्या चिखलासारखाच जिवंत असतो, हे ऐकलं आणि मग वाचतच गेले.

आधी आपल्या चिखलातच थांबू, कारण खोल समुद्राची किल्ली तिथे आहे.

आपण जेवतो, ते अन्न शरीरात जळतं आणि त्यातून शक्ती मिळते. पण जळताना अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कोणीतरी पदरात घ्यावे लागतात. आपल्या बाबतीत हे काम ऑक्सिजन करतो. श्वास घेणं म्हणजे मुळात इलेक्ट्रॉन घेणारा गिऱ्हाईक शोधणं. चिखलातले जिवाणू हेच करतात. फरक असा की चिखलात ऑक्सिजन फार थोडा. वरच्या पाण्यातून जेवढा झिरपतो तेवढाच, आणि नदीकाठच्या चिखलात तर तो वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो, कारण तिथे कुजणारी पानं, मेलेले जीव, शेवाळ असं खायला भरपूर आणि खाणारेही भरपूर.

मग खालच्यांनी काय करायचं? ते दुसरं गिऱ्हाईक धरतात. ऑक्सिजन संपला की नायट्रेट. नायट्रेट संपलं की मँगनीजचा गंज, मग लोखंडाचा गंज. तोही संपला की समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेलं सल्फेट. आणि सल्फेटही संपलं की शेवटी मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव. प्रत्येक पायरीला मिळणारी शक्ती आधीपेक्षा कमी. ज्याला जास्त शक्ती मिळते तो आधी जेवून घेतो, उरलेलं खालच्याला. म्हणून हे थर एकाखाली एक लागतात.

मला यात उतरंड दिसते. डिचोलीच्या कुंभारांनी घडवलेली मडकी जुन्या घरांत एकावर एक रचून ठेवायचे तशी. फक्त ही उलटी उतरंड आहे, मोठं मडकं वर आणि सगळ्यात लहान तळाला.

आता तो वास. सल्फेटावर जगणारे जिवाणू श्वास सोडतात तो हायड्रोजन सल्फाइडचा. तोच कुजक्या अंड्याचा वास. हा वायू चिखलातल्या लोखंडाशी मिळाला की काळं आयर्न सल्फाइड बनतं, म्हणून बोटभर खणलं की तपकिरी चिखल एकदम काळा होतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा कुर्लीचं बीळ मधोमध कापून बघा. आजूबाजूला सगळं काळं, पण बिळाच्या भिंतीला तपकिरी अस्तर. कुर्ली ये-जा करते तेव्हा तिच्याबरोबर ऑक्सिजनचं पाणी आत जातं आणि तेवढ्या भिंतीपुरतं लोखंड पुन्हा गंजतं. किनाऱ्याजवळच्या समुद्री गाळात जेवढे सेंद्रिय पदार्थ जळतात त्यातले साधारण निम्मे हे सल्फेटवाले जिवाणूच जाळतात, असा हिशेब डॅनिश शास्त्रज्ञ बो बार्कर यॉर्गेन्सन यांनी मांडला होता. म्हणजे ज्या वासाला मी नाक दाबत होते तो निम्म्या सफाईचा वास होता.

उतरंडीतल्या शेवटच्या, मिथेनच्या मडक्याबद्दल थोडं. खोल समुद्रातल्या थंडीत आणि दाबाखाली मिथेन पाण्याच्या रेणूंमध्ये अडकून बर्फासारखा गोठतो. या बर्फाला काडी लावली तर तो पेटतो. २००६ साली 'जॉयडीज रेझोल्यूशन' या जहाजाने आंध्रच्या किनाऱ्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोदकाम करून असे साठे दाखवून दिले. पण गाळातून वर निघालेला बराचसा मिथेन पाण्यापर्यंत पोचतच नाही. वाटेत सल्फेटच्या थराशी त्याची गाठ पडते आणि तिथे सूक्ष्मजीवांच्या जोड्या तो खाऊन टाकतात. हा पहारा नसता तर हवेत कितीतरी जास्त मिथेन गेला असता.

आता किनारा सोडून पश्चिमेला जाऊ. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात पाण्यातच ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पावसाळ्यातल्या वाऱ्यांनी खालचं खतयुक्त पाणी वर येतं, वर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली पडतात आणि कुजताना सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. इथे नायट्रेटवाल्या जिवाणूंचं राज्य. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तर असं ऑक्सिजन हरवलेलं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागातही तळाशी येतं. एनआयओचे सय्यद वजीह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं की त्यातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वी तापवणारा वायूही मोठ्या प्रमाणात निघतो.

आणि मग दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडून, मध्य हिंदी महासागराचं खोरं. इथे सगळंच उलटं होतं.

खोली पाच हजार मीटरच्या पुढे. पाण्याचा दाब आपल्या हवेच्या पाचशे पट. उजेड शून्य. पाणी फ्रिजमधल्यापेक्षा थंड, पण अंटार्क्टिकाकडून तळाने सरकत आलेलं, त्यामुळे ऑक्सिजनने भरलेलं. म्हणजे श्वासाची ददात नाही. ददात आहे ती अन्नाची. वरच्या उजेडातल्या पाण्यात जे काही पिकतं त्यातलं शंभरातलं जेमतेम एक तळाला पोचतं, बाकीचं वाटेतच खाल्लं जातं. चुन्याचे शिंपले-शंखही या खोलीवर टिकत नाहीत, विरघळतात. उरतात रेडिओलेरियासारख्या सूक्ष्म जीवांची काचेसारखी सिलिकाची घरं आणि वाऱ्यापाण्याने आलेली बारीक माती. हा गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर चढतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत तिथे जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर पडला असेल.

खाणारे थोडे, म्हणून ऑक्सिजन संपत नाही. आपल्या चिखलात तो मिलिमीटरभर उतरतो, खोल समुद्रात कित्येक ठिकाणी मीटर-मीटरभर. दक्षिण पॅसिफिकच्या मधल्या, सगळ्यात उपाशी भागात तर तो गाळ ओलांडून खालच्या खडकापर्यंत पोचलेला आहे. तिथला दहा कोटी वर्षांपूर्वीचा गाळ २०१० साली काढला गेला आणि जपानी शास्त्रज्ञांनी त्यातल्या सूक्ष्मजीवांना प्रयोगशाळेत खाऊ दिला. ते खायला लागले आणि वाढायला लागले. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

असं काही आपल्याकडेही झालंय. एनआयओच्या चंद्रलता रघुकुमार आणि सहकाऱ्यांनी चागोस द्वीपसमूहाजवळच्या खंदकातून, जवळजवळ सहा किलोमीटर खोलीवरून गाळाचा उभा नमुना आणला आणि त्यातल्या लाखो वर्षं जुन्या थरांतून जिवंत बुरशी वाढवून दाखवली. २००४ साली त्यावर शोधनिबंध आला. बुरशी म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातली पादत्राणं आठवतात. तिची भावंडं इतक्या खाली, इतक्या दाबाखाली तग धरून बसली असतील, असं कोणाच्या मनात आलं असतं?

आता हातातल्या गाठीकडे येते. या गाठी १८७३ मध्ये 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या मोहिमेत सापडल्या. आपल्याकडे 'गवेषणी' जहाजावरून एनआयओच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून पहिल्या गाठी वर काढल्या. गाठीच्या मध्यभागी एखादा खडकाचा कपचा नाहीतर शार्कचा दात असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे मँगनीज-लोखंडाचे थर. त्यांत निकेल, तांबं, कोबाल्ट मुरलेलं.

हे धातू येतात कुठून? काही सरळ वरच्या पाण्यातून बसतात. पण काही खालून, गाळातून येतात, आणि इथे आपली उतरंड परत भेटते. गाळातले जीव अन्न जाळतात तेव्हा त्यात अडकलेले धातू सुटे होतात. ऑक्सिजन कमी पडतो तिथे मँगनीजचा गंजही विरघळतो. हे सगळं गाळातल्या पाण्यातून हळूहळू वर सरकतं, वरच्या ऑक्सिजनला भेटलं की पुन्हा गंजतं आणि गाठीच्या बुडाला चिकटतं. कुर्लीच्या बिळाला तपकिरी अस्तर बसतं तसंच. फक्त कुर्लीला हे एका भरती-ओहोटीत जमतं आणि गाठ वाढते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

इथे हिशेब जुळत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. गाळ गाठीपेक्षा हजारपट वेगाने चढतो, मग गाठी कधीच पुरल्या जायला हव्या होत्या. तरी लाखोंनी वर पसरलेल्या आहेत. गाळात वळवळणारे जीव त्यांना खालून ढोसत राहतात, तळाचे प्रवाह गाळ झाडत राहतात, अशी कारणं सांगितली जातात, पण वाद मिटलेला नाही.

या गाठींसाठीच भारत १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर 'पायोनिअर इन्व्हेस्टर' म्हणून नोंदला गेला. मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं, त्यातलं नंतर ७५,००० ठेवलं. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाबरोबर २००२ मध्ये करार झाला. २०२१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आपलं यंत्र ५,२७० मीटर खोलीवर तळावरून चालवून बघितलं. यंत्राचं नाव 'वराह'. समुद्रातून पृथ्वी वर काढणारा अवतार! नाव ठेवणाऱ्याला साहित्याचे पूर्ण मार्क.

पण पृथ्वी वर काढताना गाळाचं काय होतं? गाठी उचलायच्या म्हणजे वरचे काही सेंटीमीटर खरवडायचे, आणि तिथलं बहुतेक सगळं अन्न आणि बहुतेक सगळे खाणारे त्याच काही सेंटीमीटरमध्ये असतात. ही शंका एनआयओला फार आधी आली होती. १९९७ मध्ये त्यांनी मध्य हिंदी महासागरात तळाचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पट्टा मुद्दाम ढवळला आणि पुढे काही वर्षं परत परत जाऊन काय बदललं ते तपासलं. खाण सुरू होण्याआधी परिणाम मोजायचा, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. पेरूसमोरच्या पॅसिफिकमध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये असाच तळ नांगरला होता. २०१५ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी परत गेले तर नांगराच्या रेषा काल काढल्यासारख्या दिसत होत्या आणि रेषांमधल्या सूक्ष्मजीवांचं काम अजून मंदच होतं. पूर्ववत व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज. आणि त्या रेषांमध्ये नाहीशा झालेल्या गाठी? त्यांची मुदत तर लाखो वर्षांत मोजायची.

मी खाणविरोधी पत्रक लिहायला बसलेली नाही. ज्या फोनवर हा लेख लिहिला त्यात कोबाल्ट आहे, निकेल आहे, तांबं आहे. जमिनीवरून काढलं तरी कोणाच्या तरी गावातूनच ते येणार. माझी होस्टेलची रूममेट डिचोली तालुक्यातली, मयेची. तिकडे खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, मग सुरू, २०१८ मध्ये परत बंद, आणि आता लिलावानंतर पुन्हा सुरू. तिच्या घरात ट्रकच्या पैशांवर शिकलेली माणसंही आहेत आणि पावसात लाल गाळ शिरून पडीक राहिलेलं शेतही आहे. दोन्ही एकाच घरात.

तिला मी हे सगळं रात्री मोठ्या उत्साहाने सांगितलं. उतरंड, बुरशी, दहा कोटी वर्षं, वराह. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि डंप कुठे घालणार गो?"

तिथे डंप नसतो, असं मी आधी म्हणाले. मग आठवलं. यंत्राने गाठींबरोबर ओढलेलं गढूळ पाणी जहाजावर वेगळं करून परत समुद्रातच सोडायचं असतं, आणि तळावर उडालेला गाळ पाण्याबरोबर वाहत जाऊन आजूबाजूला, न खणलेल्या भागावरही बसतो. जिथे हजार वर्षांत काही मिलिमीटर पडतो तिथे तेवढाच थर काही दिवसांत. ते पाणी किती खोलीवर सोडायचं, किती गढूळ चालेल, याची नियमावली जमैकातल्या किंग्स्टनला, प्राधिकरणाच्या बैठकांत अजून ठरतेच आहे.

"म्हणजे डंप आसा," ती म्हणाली आणि दिवा मालवला.