लकवा ओसरला, पण माणूस परतला का?

वऱ्हाडात ‘लकवा मारला’ म्हणतात, पुस्तकात पक्षाघात. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते, हे आता बऱ्याच लोकांना माहीत झाले आहे. सुटी मिळाल्यानंतर काय करायचे, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. रुग्ण वाचतो, घरी येतो आणि अनेक घरांत आतल्या खोलीतल्या खाटेलाच खिळून राहतो.

हा आजार फक्त शहरातल्या, बैठे काम करणाऱ्यांचा नाही. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सुमारे दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा होता. जे वाचतात, त्यांची पुढची लढाई घरातच होते.

अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णाला नियमित फिजिओथेरपी सांगितली जाते. पण धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, वाट घाटाची. तेल्हारा-अकोटकडच्या रुग्णासोबतही एकाला मजुरी बुडवून यावे लागते. दोन-तीन खेपांनंतर येणे थांबते. मग कोणी पारव्याच्या रक्ताने मालिश सुचवते, कोणी दूरच्या देवस्थानी नेण्यासाठी गाडी ठरवते. यात पैसा जातो आणि त्याहून मोलाचे पहिले तीन महिनेही जातात. मेंदू सर्वांत वेगाने सावरतो तो याच काळात. त्यानंतरही सुधारणा होत राहते, फक्त तिचा वेग कमी होतो.

मग व्यायाम घरच्यांनाच शिकवून मोकळे व्हावे का? भारतातल्या १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर हाच प्रयोग झाला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा मृत्यूंत आणि परावलंबित्वात नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नव्हता. म्हणून घरचा व्यायाम वाया जातो असे समजू नये. पण सगळा भार एकट्या सुनेवर किंवा बायकोवर टाकून भागत नाही. प्रशिक्षित माणसाने अधूनमधून पाहणे, चुका दुरुस्त करणे गरजेचेच आहे.

घरच्यांनी काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढू नये, खांदा निसटतो. झोपवून पाणी किंवा पेज पाजू नये. ताठ बसवून घोट घोट द्यावे, नाहीतर ते फुप्फुसात उतरते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटते’ म्हणून बंद करू नये. बिडी आणि खर्रा कायमचा सुटलाच पाहिजे. दुसरा झटका बहुधा पहिल्यापेक्षा जड जातो.

व्यायामासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. मेंदू कामातून शिकतो आणि तेच काम पुन्हा पुन्हा केल्याने शिकतो. तुरीच्या डाळीतले खडे निवडणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, स्वतःच्या शर्टाची बटणे लावणे, हा हाताचा उत्तम व्यायाम आहे. घरचे प्रेमापोटी सगळे हातात आणून देतात आणि नेमकी हीच संधी हिरावून घेतात. अर्धा तास लागला तरी घास त्याचा त्याला खाऊ द्यावा.

उजवी बाजू गेली की अनेकदा वाचाही जाते. शब्द सापडत नाही, भलताच शब्द तोंडात येतो. पण वाचा गेली म्हणून बुद्धी गेली असे नव्हे. समोर बसून एका वेळी एकच, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि थांबावे. एक वाक्य न बोलू शकणारा माणूस पाठ असलेली आरती कधी कधी म्हणून दाखवतो. वाचा-उपचारात याचा उपयोग होतो. साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. तो रडतो, व्यायाम टाळतो आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात. नैराश्यावर औषध आहे, ते मागायला हवे.

सगळ्यांत हळू भरून येते ती माणसाची जागा. औंदा कपाशी पेरायची की सोयाबीन, हे त्याला कोणी विचारत नाही. पाहुणे आले की त्याची खाट आत सरकते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन उभारले, ते कुष्ठरुग्णांसाठी. रोग वेगळा होता, पण औषधासोबत हाताला काम आणि कामासोबत मान हा तिथला धडा लकव्यालाही लागू पडतो.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी सेवेत असताना अपंगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास एसटी भाड्यात सवलत मिळते. रुग्णालयाच्या खेपांना ती उपयोगी पडते.

शेतकऱ्याला आणि दुकानदाराला असे कलम नाही. त्यांच्यासाठी घर आणि गाव हेच कलम. सुटी घेताना डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : पुढची तपासणी कधी, व्यायाम कोण पाहणार, गिळणे आणि बोलणे तपासले का, प्रमाणपत्रासाठी कधी यायचे? आणि घरी आल्यावर रोज संध्याकाळी, काठीच्या किंवा माणसाच्या आधाराने का होईना, रुग्णाला पारापर्यंत न्यावे. चार माणसांत बसू द्यावे, आणि तो बोलेपर्यंत चौघांनी थांबावे.