ख्रिस्ती पंचांगातील चंद्र

तिथी आणि पक्ष यांचा व्यवहार हिंदू-मुसलमानांचा, ख्रिस्ती वर्ष मात्र केवळ सूर्याच्या तंत्राने चालते, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे, आणि नाताळ दरसाल 25 डिसेंबरलाच येत असल्यामुळे त्याला पुष्टी मिळते. परंतु ज्या सणावर ख्रिस्ती श्रद्धेची खरी भिस्त, तो पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, चंद्रावाचून मुक्रर होत नाही. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, हा त्याचा दंडक. त्यामुळे पाश्चात्त्य चर्चमध्ये तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो आणि राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार यांनाही आपल्याबरोबर फिरवतो.

ही पौर्णिमा आकाशातली, असे मानणे हाही गैरसमजच. ती आहे दफ्तरातली. एकोणीस सौरवर्षांत 235 चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, या प्राचीन गणितावर चर्चने आपली कोष्टके बांधली आणि वसंतसंपात कायमचा 21 मार्चला बसवून टाकला. 2019 साली संपातानंतर चार तासांच्या आतच पौर्णिमा पूर्ण झाली. आकाशाच्या हिशेबाने ईस्टर 24 मार्चला यावयाचे, पण कोष्टकातली पौर्णिमा 20 मार्चला पडली, सबब ती नामंजूर होऊन सण 21 एप्रिलवर गेला. रोम आणि वसई यांनी एकाच दिवशी सण करावयाचा तर असा कारकुनी चंद्रच सोयीचा, असे मला वाटते.

क्रूसारोहणाच्या वेळी पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण, ही उपपत्तीही टिकत नाही. तो काळ यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा, म्हणजे पौर्णिमेचा, आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच संभवते. शिवाय शुभवर्तमानांतला अंधार तीन तासांचा, तर खग्रास स्थिती साडेसात मिनिटांपलीकडे जात नाही. ही हरकत तिसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक ज्यूलियस आफ्रिकानस याने नोंदवून ठेवली आहे.

गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींत मरियेच्या पायांखाली चंद्रकोर दिसते, म्हणून कोणी तीत चंद्रपूजेचा अवशेष पाहतो. वस्तुतः ते चित्र बायबलातील प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातले, आणि चंद्रसूर्यांना भजू नये ही बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा तर त्याहून पुष्कळ जुनी. गॅलिलिओचा मित्र चिगोली याने 1612 साली रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये, पोप पाचवे पॉल यांच्या प्रार्थनामंदिराच्या घुमटावर, मरियेच्या पायांखाली दुर्बिणीतून दिसणारा खाचखळग्यांचा चंद्र रंगवला. याच पोपच्या अमदानीत 1616 साली कोपर्निकसच्या ग्रंथावर निर्बंध आला. घुमटावरचा चंद्र मात्र कोणी गुळगुळीत करून घेतला नाही.