चाकांवरचे बिऱ्हाड : लहान मुलांसह प्रवासाला वाहन कसे निवडावे?

व्यापारी कुटुंबाला सुट्टी मोजकीच मिळते. दिवाळीनंतरचे पाच-सहा दिवस आणि उन्हाळ्यातील आठवडाभर, एवढीच उसंत. या दिवसांत वारणानगर, कोडोली, जयसिंगपूर, इचलकरंजी या परिसरातील अनेक घरे श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, मूडबिद्रीकडे निघतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक नवा शब्द ऐकू येतो, तो म्हणजे कॅरव्हॅन. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेले हे वाहन. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखले. ज्या घरात दोन-पाच वर्षांची मुले आहेत, त्यांना या वाहनाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. घरचे ताजे अन्न, गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि मुलांना हवे तेव्हा निजण्याची सोय हे सारे एका छताखाली मिळते. परंतु सोयीचा मोह पडण्यापूर्वी सुरक्षिततेचा विचार व्हावयास हवा.

पहिली परीक्षा आसनांची. बाहेरून देखण्या दिसणाऱ्या काही गाड्यांत आतमध्ये समोरासमोर बाके आणि पलंग असतात. पट्टे मात्र चालकाच्या रांगेपुरतेच. धावत्या गाडीत पलंगावर झोपलेले मूल अचानक ब्रेक लागताच पुढे फेकले जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण येथे प्रश्न दंडाचा नव्हे, जिवाचा आहे. जितकी माणसे, तितकी पुढे तोंड असलेली आणि पट्टा असलेली आसने गाडीत असलीच पाहिजेत. पलंग गाडी उभी राहिल्यावरच वापरावा.

दुसरी परीक्षा हवेची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसास जागही येत नाही. म्हणून वातानुकूलनासाठी रात्रभर इंजिन वा जनरेटर चालू ठेवून आत झोपू नये, बंद गाडीत शेगडी पेटवू नये, आणि हा वायू ओळखून गजर देणारे छोटे यंत्र जवळ बाळगावे.

तिसरी परीक्षा विजेची व वजनाची. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. दिवे, पंखे, मोबाईल यांना ती रात्रभर पुरते. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी मात्र ती तासा-सव्वा तासात रिकामी करते. सबब जेथे बाहेरून वीजजोडणी मिळेल तेथेच स्वयंपाक व वातानुकूलन गृहीत धरावे. शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो होते, हेही सामान भरताना विसरू नये.

चौथी परीक्षा कागदपत्रांची. जुनी व्हॅन घेऊन स्थानिक गॅरेजमध्ये आत पलंग-ओटा बसवून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो. आर. सी. बुकात वाहन मोटर कॅरव्हॅन म्हणून नोंदले आहे काय, हे प्रथम पाहावे. परवान्याचे म्हणाल, तर ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्यास साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वा प्रवासी व्यावसायिक वाहनही चालवता येते. तरीही घाटात उंच गाडी हाकणे मोटारीहून वेगळे. सरावलेला चालक सोबत असणे श्रेयस्कर.

आता हिशेबाकडे वळू. वर्षातून पंधरा-सोळा दिवस वापर आणि उरलेले साडेतीनशे दिवस गाडी दारात उभी. त्यात चातुर्मासात अनेक घरे प्रवास टाळतात. विमा, कर, देखभाल मात्र बारमाही. दुकानात असे पडून राहणारे भांडवल कोणी ठेवील काय? म्हणून खरेदीपेक्षा भाड्याने घेणे हाच व्यवहार. दोनच लहान मुले असलेल्या चौकोनी कुटुंबास स्वतःची मोटार आणि धर्मशाळा पुरेशी आहे. आजी-आजोबांसह आठ-दहा जण असतील, तर पट्ट्यांची आसने असलेली ट्रॅव्हलर गाडी व मुक्कामाला धर्मशाळा हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. २००५ पर्यंत बजाज टेम्पो म्हणून परिचित असलेल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ही गाडी आपल्या भागातील बहुतेक चालकांच्या हातची आहे. ज्यांना पथ्याचे अन्न, आजारपण वा तान्हे बाळ यांमुळे स्वतःचे स्वयंपाकघर सोबत हवेच, त्यांनी कॅरव्हॅनचा विचार करावा.

तीही थेट लांब पल्ल्यास नेऊ नये. आधी एक रात्र कुंभोजच्या बाहुबलीस परवानगी घेऊन मुक्काम करावा. मुलांना आत झोप लागते का, पाणी किती पुरते, हे तेथेच कळेल. मग वाठारला महामार्ग धरून श्रवणबेळगोळची वाट तीन टप्प्यांत विभागावी : पहिला मुक्काम हुबळी, दुसरा चित्रदुर्ग, दोन्ही टप्पे सुमारे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचे. दुपारी चारपर्यंत गाडी थांबली, तर नोव्हेंबरात सहाच्या सुमारास होणाऱ्या सूर्यास्तापूर्वी मुलांची जेवणे निवांत होतात आणि चालकही थकत नाही. मुक्कामी गाडी गवतावर नव्हे, मोकळ्या कोरड्या जमिनीवर लावावी. बाहेरचा दिवा विझवून खिडक्यांना बारीक जाळी लावावी, म्हणजे किडे ओढले जाणार नाहीत. शौचालयाची टाकी ओढ्यात वा शेतात न सोडता योग्य ठिकाणीच रिकामी करावी.

विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून सत्तावन्न फुटांच्या गोमटेश्वरासमोर नातवंडे उभी राहतात, तेव्हा ती कोणत्या गाडीतून आली हे कोणी विचारीत नाही. ती सुखरूप आली, एवढ्यासाठीच ही सारी चौकशी निघण्यापूर्वी करावयाची.