डोळ्यातली सूज परत परत येते तेव्हा



डोळे आले की चिपडं येतात, पाणी गळतं आणि आठ-दहा दिवसांत उतार पडतो. पण कधी बुबुळाच्या भोवती लाली येते, डोळा आतून ठणकतो, उजेड सोसत नाही आणि चिपडं मात्र येत नाहीत. ही डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हिआयटिस. सूज मागच्या भागात असेल तर डोळा लालही होत नाही. नजर धूसर होते, काळे ठिपके तरंगतात.

तिच्यामागे क्षयासारखा संसर्ग आहे का, हे डॉक्टर आधी तपासतात. तो नसेल, तर बहुतेक वेळा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटलेली असते. अशी सूज घरात कुणाला लागत नाही.

पहिला उपाय स्टेरॉइडचा: थेंब, गोळ्या किंवा इंजेक्शन. आग लवकर विझते. पण महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलं तर मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो. गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा थेंब आणू नयेत. गोळ्या मनानं एकदम बंदही करू नयेत. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

स्टेरॉइड कमी केलं की सूज उलटते, तेव्हा दुसरी औषधं आहेत. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २१६ रुग्ण होते आणि आपल्या देशातली मदुराई व कोइंबतूरची अरविंद नेत्र रुग्णालयंही सहभागी होती. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर सुमारे ६७ टक्के, तर मायकोफेनोलेटवर ५७ टक्के रुग्णांची सूज थोड्याच स्टेरॉइडवर आटोक्यात होती. तरी एक औषध दुसऱ्याहून सरस आहे, असं त्यातून सिद्ध झालं नाही. एक लागू पडलं नाही, तर दुसरं देऊन पाहता येतं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीवावर बेततं. म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. रक्ताची आणि यकृताची तपासणी चुकवू नका. ही दोन्ही औषधं पोटातल्या बाळाला घातक आहेत; दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

त्यानंही भागलं नाही, तर अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन असतं. ते साधारणपणे दोन आठवड्यांनी कातडीखाली देतात. दबलेला क्षय त्यानं उसळू शकतो, म्हणून ती तपासणी आधी लागते. इंजेक्शन महाग आहे, पण आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. खर्चाचं विचारायला संकोच नको.

भऱ्याहून पुण्याला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, आणि भातलावणीत तर पाय निघतच नाही. तरी डोळा दुखून नजर धूसर झाली, तर लावणी उरकायची वाट पाहू नका. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध डोळ्यात घालू नका. जुने कागद बरोबर घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा: “स्टेरॉइड कमी करायला दुसरं औषध आहे का?”

सूज दरवेळी आत थोडी इजा करून जाते, आणि गेलेली नजर नेहमीच परत येत नाही. तेव्हा डोळे सांभाळा.