घरच्या गॅरेजमधली रॅलीची जिप्सी
रॅलीची गाडी करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. खरं काम सुरू होतं गाडी सोलण्यापासून: सीट, कार्पेट, दारांचे पॅड, सगळं बाहेर. १९८५मध्ये आलेली मारुती जिप्सी आपल्याकडे या कामाला लाडकी. चासी दणकट, पुढे-मागे पाटे, आणि कुठलाही मेकॅनिक तिला हात लावतो.

मग रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुख्य कमानीचा पाइप बिनजोड पोलादी, ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा लागतो (५० बाय २ही चालतो). वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडली, की तो पाइप भंगारात. केजचे पाय नुसत्या पातळ पत्र्यावर टेकवून भागत नाही. तिथे किमान ३ मिमी जाड प्लेट लागते, नाहीतर गाडी उलटल्यावर पाइपच पत्रा फाडून खाली उतरेल. वेल्डिंग मात्र हौशी हाताने करू नये.

पुढे बकेट सीट, हार्नेस, अग्निशामक, इंजिनाखाली जाड पत्र्याचं कवच. बॅटरी तोडणारा स्विच आतून आणि बाहेरूनही चालला पाहिजे. पैसे उरलेच, तर नवख्याने ते इंजिनाऐवजी टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर घालावेत.