सही करण्यापूर्वी

बुलढाणा शहरास आगगाडी नाहीं. मुंबईहून रेल्वेनें पाठविलेला माल मलकापुरास उतरून पुढें मोटारीनें येतो. खामगांवास मात्र १८७० पासून जलंबचा फांटा आहे. इतक्या हातांतून माल जात असतां तो बिघडला कोठें, हें ठरवावयाचें कसें? आमच्या मतें याचें उत्तर सहींत आहे. प्रत्येक हात पुढच्याची सही घेऊन मोकळा होतो. अखेरची सही गिऱ्हाइकाची. ती बिनशेरा दिली कीं माल धड पोंचला असें मानलें जातें. म्हणून पेटी फुटलेली किंवा वजनांत कमी दिसल्यास सहीपूर्वींच तसा शेरा लिहवून घ्यावा. रेल्वेकडे नुकसानभरपाई मागावयाची, तर १९८९ च्या कायद्यान्वयें माल तिच्या स्वाधीन केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते.

छापखान्यांतही न्याय हाच. लग्नपत्रिकेचें प्रूफ मंजूर केल्यावर तिथि चुकलेली आढळली, तर कागदाचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथीं!

लहान गांवीं दुकानदार ओळखीचा असतो. त्याच्यादेखत तपासणी करण्यास आपण संकोचतों. परंतु तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. तिनें आपला कष्टाचा पैसा वांचतो, आणि निर्दोष दुकानदारावर उगाच आळही येत नाहीं.