जिताडा

ओतूरच्या पश्चिमेस माळशेज घाटमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी दोन दिशांना जाते. पूर्वेकडील पाणी पुष्पावतीतून कुकडीला मिळते. पश्चिमेकडील काळू नदीने उल्हासेत व तेथून खाडीत पोहोचते. कोकणच्या अशा खाड्यांत जिताडा नावाचा बलाढ्य मासा राहतो.

त्याचे अंग रुपेरी, तोंड रुंद आणि खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो. तो आडोशाला दबा धरून बसतो. कोळंबी वा लहान मासा टप्प्यात आला, की एकदम जबडा उघडून त्यास पाण्यासकट आत ओढतो. गळाला लागला, तर पाण्याबाहेर उसळ्या घेतो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. बहुतेक जिताडे आरंभी नर असतात. काही वर्षे वाढल्यावर त्यांचीच मादी होते! अशी थोराड मादी खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, लक्षावधी अंडी घालते. तेव्हा मोठमोठेच मासे धरले, तर अंडी घालणार कोण?

पिले भरतीबरोबर खाडीत शिरतात. अलिबाग-पेणकडील शेतकरी ती आणून घराजवळच्या तळ्यात सोडतात. तेथे जिताडा चांगला पोसतो. पण खाऱ्या पाण्यावाचून त्याची वीण मात्र होत नाही.